इंजिनाला फुप्फुस देणारे मायबाख

जुनी मोटार हौसेने जपणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी छान चालते. पण घाट लागला किंवा सिग्नलला रखडली की तापमानाचा काटा वर चढतो आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागते. हे दुखणे मोटारीइतकेच जुने आहे. त्यावर पहिला भक्कम उपाय शोधला तो विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने. त्यांनी जे तत्त्व वापरले, तेच निसर्गाने आपल्या छातीत फार पूर्वी वापरले आहे.

मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी हाइलब्रॉन येथे झाला. वडील सुतार होते. मायबाख आठ वर्षांचे असताना आई गेली आणि दहाव्या वर्षी वडीलही गेले. रॉयटलिंगेन येथे गुस्ताव वेर्नर चालवत असलेल्या अनाथाश्रमाने त्यांना सांभाळले. आश्रमाचा स्वतःचा यंत्रांचा कारखाना होता. तिथे हा मुलगा यंत्रांची रेखाटने करायला शिकला. त्याच कारखान्याची व्यवस्था पाहायला आलेल्या गॉटलिब डाइमलर यांनी त्यांचे कौशल्य हेरले. १८६५ साली झालेली ही ओळख डाइमलर यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. दोघांनी ओटो यांच्या डॉइट्झ येथील कारखान्यात काम केले. १८८२मध्ये तिथून बाहेर पडून कानश्टाट येथे, डाइमलर यांच्या बागेतल्या काचघरात त्यांनी लहान पण वेगाने फिरणारे पेट्रोल इंजिन घडवले.

इंजिन लहान आणि वेगवान झाले, तशी उष्णतेची अडचण वाढली. सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा वायूंचे तापमान २००० अंश सेल्सियसच्या वर जाते. त्या काळच्या इंजिनात या उष्णतेचा थोडाच भाग चाक फिरवण्याच्या कामी येई. बाकीची काही धुराबरोबर बाहेर पडे आणि काही सिलिंडरच्या भिंतींत मुरे. ती काढून घेतली नाही, तर तेल पातळ होते, धातू फुगतो आणि पिस्टन जागच्या जागी अडकतो. सुरुवातीच्या मोटारींत सिलिंडरभोवती पाणी खेळवत आणि ते उकळून वाफ होऊन जाऊ देत. मग वाटेत विहीर, ओढा जे दिसेल तिथे थांबून पाणी भरावे लागे. मोठे इंजिन म्हणजे जास्त पाणी आणि जास्त पाणी म्हणजे जास्त वजन.

मायबाख हा गुंता वर्षानुवर्षे सोडवत होते. १८८९च्या गाडीत त्यांनी सांगाड्याच्या पोकळ नळ्यांतूनच पाणी फिरवले. १८९७मध्ये अनेक बारीक नळ्यांचा रेडिएटर आणला. मार्च १९०० मध्ये डाइमलर वारले. त्याच महिन्यात नीसजवळच्या घाटातल्या शर्यतीत डाइमलर कंपनीची उंच, जड गाडी आदळून चालक विल्हेल्म बाउअर मरण पावले. कंपनीचे मोठे ग्राहक एमिल येलिनेक यांनी मग बुटकी, लांब, रुंद आणि जास्त ताकदीची गाडी मागितली. ३५ अश्वशक्तीचे ते इंजिन थंड ठेवायचे कसे, हा प्रश्न मायबाख यांच्यापुढे होता.

त्यांनी पाण्याची टाकी मोठी केली नाही. मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर त्यांनी गाडीच्या तोंडाशी बसवला. त्यात सहा मिलिमीटर बाजूच्या ८०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांच्या आतून वारा जाई आणि बाहेरच्या चिंचोळ्या फटींतून पाणी. हिशेब सोपा आहे. तेवढ्याच आकाराचे एकच मोठे भोक ठेवले असते, तर वाऱ्याला भिडणाऱ्या कडेची लांबी सव्वादोन मीटरसुद्धा भरली नसती. बारीक नळ्यांमुळे ती सुमारे १९४ मीटर झाली, म्हणजे जवळपास नव्वदपट. गाडी हळू चालताना वारा कमी पडू नये म्हणून मागे छोटा पंखाही होता. या गाडीला येलिनेक यांच्या मुलीचे, मर्सिडीज हे नाव मिळाले. १९०१च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यती तिने गाजवल्या.

आपली फुप्फुसे याच तत्त्वावर चालतात. आत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. कोशात हवा आणि भोवतीच्या केशवाहिन्यांत रक्त. मध्ये अतिशय पातळ पडदा. सगळे कोश उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. बिडी-सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुराने वर्षानुवर्षे कोशांच्या भिंती झिजतात आणि अनेक छोट्या खोल्यांची एक मोठी खोली होते. याला एम्फायसिमा म्हणतात. छाती फुगलेली दिसते, पण प्राणवायू घेणारा पृष्ठभाग घटलेला असतो. म्हणून जिना चढताना धाप लागते. मोडलेले कोश पुन्हा तयार होत नाहीत. मात्र धूर थांबवला तर पुढची झीज मंदावते. चाळिशीनंतर दम लागू लागला तर वयावर न ढकलता फुंकर मारून होणारी स्पायरोमेट्री तपासणी करून घ्यावी.

मायबाख यांना पुढे कंपनीत दुय्यम वागणूक मिळाली आणि १९०७मध्ये ते बाहेर पडले. मग मुलगा कार्ल याच्यासोबत त्यांनी झेपेलिनच्या हवाई जहाजांसाठी इंजिने बनवण्याच्या उद्योगाला हातभार लावला. २९ डिसेंबर १९२९ रोजी ते वारले. कानश्टाटच्या दफनभूमीत डाइमलर यांच्याजवळच त्यांना चिरविश्रांती मिळाली.

जुनी गाडी तापते तेव्हा बहुतेकदा हा पृष्ठभागच निकामी झालेला असतो. बोअरच्या जड पाण्याचे क्षार आतून साचतात, धूळ आणि किडे बाहेरून जाळी बुजवतात किंवा पंख्याचा पट्टा सैल होतो. नुसते पाणी ओतत राहिल्याने दुखणे लांबते. रेडिएटर आतून-बाहेरून साफ करून योग्य कूलंट भरावे लागते. कूलंट चवीला गोड पण मूत्रपिंडांना घातक असते, म्हणून ते मुलांच्या हाती लागू देऊ नये. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी तोंडावर उडते. भाजलेच, तर टूथपेस्ट किंवा हळद न लावता ती जागा वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावी आणि डॉक्टरांकडे जावे.