रक्षकच भक्षक

बी.एस्सी.च्या वर्गाला मी गेली बावीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवीत आलो आहे. तारामाशाचा धडा आला की इल्या मेचनिकॉव्ह यांची गोष्ट सांगायची, हा माझा परिपाठ. दोन वर्षांपूर्वी मला हृदयविकाराचा झटका आला. हृद्रोहिणीत स्टेंट बसवून घरी परतलो आणि सक्तीच्या विश्रांतीत त्यांचे चरित्र पुन्हा वाचले. तेव्हा ध्यानात आले की विद्यार्थ्यांना मी इतकी वर्षे अर्धीच गोष्ट सांगत होतो. ते ऋण येथे फेडतो.

मेचनिकॉव्ह यांचा जन्म १८४५ साली रशियन साम्राज्यात, खारकॉव्हजवळच्या खेड्यात झाला. तो प्रदेश पुढे युक्रेनमध्ये गेला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत उरकला. बुद्धी तल्लख, पण मन फार हळवे. पहिली पत्नी ल्युदमिला क्षयाने इतकी खंगली होती, की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ साली ती वारली. त्या दुःखात त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. १८८१ साली तर ज्वराच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. दोन्ही वेळा ते बचावले. मरण मागणाऱ्या या माणसाच्याच हातून शरीर स्वतःला कसे वाचवते याचा शोध लागावयाचा होता!

१८८२ साली ओडेसा विद्यापीठातील नोकरी सोडून ते सहकुटुंब सिसिली बेटावरील मेसिना येथे गेले. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली असता ते एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या. या पेशी शरीराच्या पहारेकरी तर नसतील? बागेतून गुलाबाचे काटे आणून त्यांनी ते डिंभांच्या त्वचेखाली खुपसले. रात्री झोप अशी लागलीच नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती त्या पेशींचा गराडा पडलेला! आपल्या बोटात कुसळ गेले की लाली येते, ठणका लागतो, पू धरतो. त्या दाहामागेही अशाच पेशींची धावपळ असते. डिंभाला रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे दाहाचे मूळ रक्तवाहिन्यांत नसून या भक्षक पेशींत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पांढऱ्या पेशी जंतूंना उलट शरीरभर पसरवतात, असे तेव्हा अनेक पंडित मानीत. मेचनिकॉव्ह त्यांच्याशी वर्षानुवर्षे झुंजले. १८८८ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने त्यांना प्रयोगशाळा दिली. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे त्यांचेच ओडेसातील विद्यार्थी. १९०८ साली पॉल एर्लिक यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

वर्गात माझी गोष्ट येथे संपत असे. माझ्या हृद्रोहिणीने तिचा उत्तरार्ध शिकवला. नळात गाळ साचावा तशी चरबी साचते, अशी माझीही समजूत होती. प्रत्यक्षात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण रोहिणीच्या अस्तराखाली अडकतात व तेथे बिघडतात. तो शरीराला काटाच वाटतो. रक्तातील पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात, भक्षक बनतात आणि ती चरबी गिळू लागतात. गिळून गिळून त्या फेसाळ दिसू लागतात, तेथेच मरतात आणि त्यांच्या अवशेषांचा लगदा साचतो. दाह चालूच राहतो. लगद्यावरचे तंतुमय आवरण भक्षक पेशींच्याच विकरांनी झिजते. एके दिवशी ते फाटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो.

मेचनिकॉव्ह यांना याची पुसट चाहूल लागली होती. वार्धक्यात भक्षक पेशी आपल्याच शरीराच्या मौल्यवान पेशींवर तुटून पडतात, असे त्यांनी मांडले होते. १९१६ साली पॅरिसमध्ये त्यांचा अंत झाला, तोही हृदयविकाराने. त्यांची रक्षा पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवली आहे.

मग या पेशींना आवरावे काय? २०१७ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर ती झाली होती. दाह शमविणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाच्या मधल्या मात्रेने कोलेस्टेरॉल न घटताही झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी उतरले. मात्र औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने दगावणारे थोडे वाढले. पहारेकऱ्याला झोपविले की चोराचे फावते, ते असे!

विद्यार्थी मित्रहो, या पेशी शत्रू नव्हेत. काटा निघाला की त्या परततात. न निघणाऱ्या काट्यापाशी मात्र घरच पोखरतात. म्हणून काटाच रुतू नये हे पाहावयाचे. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल ही काट्यांची झुडपे आहेत. मी सिगारेट सोडली, पण झटक्यानंतर. तुम्ही तितके थांबू नका.