टेस्लाने फुकट वीज देणारी कॉईल खरंच बनवली होती का?

तांब्याच्या तारेची गुंडाळी, दोन चुंबकं आणि एक बल्ब. प्लग कुठेच नाही, तरी बल्ब पेटतो. खाली लिहिलेलं असतं, टेस्लाची फ्री एनर्जी कॉईल. शहरात असले रील टाइमपास म्हणून बघून पुढे ढकलले जातात. पण नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुव्यात डोंगरातल्या पाड्यांनी विजेची वर्षानुवर्षं वाट बघितली आहे. तिथल्या कुणी अशा कॉईलवर पैसे घालायचं ठरवलं, तर त्याला हसता येत नाही.

मग टेस्लाने असं काही बनवलं होतं का?

निकोला टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा, आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान गावातला. वडील सर्बियन ऑर्थोडॉक्स धर्मगुरू. आई शाळेत गेली नव्हती, पण घरकामाची अवजारं स्वतः बनवायची. पोरगं इंजिनीअरिंग शिकायला ग्राझला गेलं आणि पदवी न घेताच बाहेर पडलं. १८८४ मध्ये टेस्ला न्यूयॉर्कला पोहोचला, एडिसनच्या कंपनीत लागला आणि काही महिन्यांतच बाहेर पडला. पुढे तर पोटासाठी खड्डे खोदायची वेळ आली.

दिवस पालटले १८८८ मध्ये. त्याच्या एसी मोटरचे पेटंट हक्क वेस्टिंगहाऊसने घेतले. नायगारा धबधब्यावर याच पद्धतीचं वीजकेंद्र उभं राहिलं आणि १८९६ मध्ये तिथली वीज बफेलो शहरात पोहोचली. त्या केंद्रातही कॉईलच होत्या, पण त्यांच्याजवळचं चुंबकीय क्षेत्र फिरवायला पडणारं पाणी लागत होतं.

नंदुरबारकरांना हे सांगायची खरं तर गरज नाही. धडगाव तालुक्यातल्या बिलगावात २००३ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदान करून १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला. पाड्यांवर दिवे लागले. २००६ मध्ये सरदार सरोवराच्या पाण्यात तो बुडाला. वीज कशातून येते आणि कशी जाते, हे या गावाने दोन्ही बाजूंनी बघितलंय.

आता येऊ त्या कॉईलवर. टेस्ला कॉईल आली १८९१ मध्ये. तिच्यात दोन गुंडाळ्या असतात, एक जाड तारेच्या थोड्या वेढ्यांची आणि दुसरी बारीक तारेच्या शेकडो वेढ्यांची. दोन्हींची लय जुळवली की दुसरीत प्रचंड व्होल्टेज तयार होतं, ठिणग्या उडतात आणि जवळ धरलेली ट्यूब वायरीशिवाय पेटते. बघणाऱ्याला वाटतं, ऊर्जा वाढली! वाढतं ते फक्त व्होल्टेज. १० व्होल्टवर १० अँपिअर दिले तर ते झाले १०० वॅट. तेच १०,००० व्होल्टवर नेलं तर करंट उरतो फार तर ०.०१ अँपिअर. म्हणजे पुन्हा १०० वॅटच, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण तार तापते, ठिणगी आवाज करते, उजेड देते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रीलमधला बल्ब पेटत असेल तर बॅटरी कुठेतरी लपवलेली असते, एवढं धरून चाला.

फुकट विजेची दंतकथा मात्र टेस्लाच्याच टॉवरवरून सुरू झाली. १९०१ मध्ये बँकर जे. पी. मॉर्गनच्या दीड लाख डॉलर्सवर लाँग आयलंडला वॉर्डनक्लिफ टॉवरचं काम निघालं. ठरलं होतं अटलांटिकपलीकडे संदेश पाठवायचं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मार्कोनीने स्वस्तात बाजी मारली. टेस्लाने मग बेत वाढवला, वायरीशिवाय वीजही पाठवायची म्हणाला आणि आणखी पैसे मागितले. मॉर्गनने नकार दिला. फुकट विजेला मीटर कुठे लावणार म्हणून मॉर्गनने प्रकल्प मारला, ही गोष्ट ऐकायला भारी वाटते, पण तिला पुरावा नाही. आणि एक गोष्ट रीलवाले कधीच सांगत नाहीत. त्या टॉवरशेजारच्या इमारतीत कोळशावर चालणारे बॉयलर होते! टेस्लाला वीज वायरीशिवाय पोहोचवायची होती, शून्यातून काढायची नव्हती.

१९०१ चं एक पेटंटही हमखास दाखवलं जातं. त्यात उंचावर धातूची पत्रा-प्लेट, खाली जमिनीला जोडणी आणि मध्ये कपॅसिटर आहे. पण त्यातही ऊर्जा येते ती सूर्यासारख्या स्रोताच्या किरणांतून.

टॉवर १९१७ मध्ये पाडला गेला. त्याआधीच टेस्लाचं दिवाळं निघालं होतं. शेवटची वर्षं हॉटेलच्या खोल्यांत, कबुतरांना दाणे घालण्यात गेली. ७ जानेवारी १९४३ ला, वयाच्या ८६ व्या वर्षी, न्यूयॉर्कर हॉटेलच्या ३३२७ नंबरच्या खोलीत तो गेला. सरकारने त्याचं सामान ताब्यात घेतलं आणि कागद तपासायला एमआयटीचे प्राध्यापक जॉन ट्रम्प यांना बोलावलं. हे डोनाल्ड ट्रम्प यांचे काका, त्यामुळे या गोष्टीला वेगळाच मसाला मिळाला. त्यांच्या अहवालात मात्र हे शेवटच्या वर्षांतले कागद बहुतेक कल्पना आणि तर्कच असल्याचं निघालं. चालणारं कुठलंही गुप्त यंत्र सापडलं नाही. ते कागद आणि टेस्लाच्या अस्थी आज बेलग्रेडच्या टेस्ला म्युझियममध्ये आहेत.