हेन्री जॉर्ज : शहराची दैनिके विरोधात असताना

निवडणूक जवळ आली की कोणते वृत्तपत्र कुणाची तळी उचलते, ही चर्चा आपल्या कार्यकर्त्यांत निघतेच. म्हणून आज आम्ही अमेरिकेतल्या हेन्री जॉर्ज यांची ओळख करून देतो.

१८३९ मध्ये फिलाडेल्फियात जन्म. चौदा वर्षांचे होण्याआधीच शाळा सुटली. जहाजावर काम केले, सॅन फ्रान्सिस्कोत छापखान्यात खिळे जुळवले आणि तिथूनच पत्रकार झाले. जमिनीची किंमत मालकाच्या कष्टाने नव्हे, समाजामुळे वाढते. म्हणून कर त्या किमतीवर बसवा, श्रमाच्या कमाईवर नको, हे त्यांनी १८७९ च्या ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात मांडले.

१८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या कामगार संघटनांनी त्यांना महापौरपदासाठी उभे केले. शहरातली जवळपास सगळी मोठी दैनिके विरोधात गेली. कराच्या मुद्द्याला उत्तर देण्यापेक्षा जॉर्ज यांना अराजकवादी ठरवणे सोपे होते! मग कामगारांच्या बाजूने ‘द लीडर’ हे दैनिकच निघाले. पैसे देऊनही ‘मूकनायक’ची जाहिरात ‘केसरी’ने नाकारली होती, हे ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना त्याची गरज समजावून सांगायला नको.

निकालात अब्राम ह्युइट यांना ९०,५५२ मते पडली, जॉर्ज यांना ६८,११०. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट ६०,४३५ मतांवर तिसरे राहिले. मतांत लबाडी झाल्याचा आरोप जॉर्ज समर्थकांनी केला.

१८९७ मध्ये डॉक्टरांचा सल्ला डावलून जॉर्ज पुन्हा उभे राहिले. मतदानाला चार दिवस उरले असताना त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी मुलाने निवडणूक लढवली.