मुंबई कुणाची? आठवण शाहीर अमर शेख यांची

द्वारका चौकात पुणे रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाला मिळतो. इथून वडाळा नाक्याकडे निघालं की मालेगावचे, खानदेशातले, उत्तर प्रदेशातून आलेले, सगळेच भेटतात. मूळचा नाशिककर कोण आणि बाहेरचा कोण, हा विषय इथंही अधूनमधून निघतोच. तेव्हा आम्हाला मरहूम शाहीर अमर शेख आठवतात.

खरं नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. घरात गरिबी; पण आई मुनेरबी यांच्याकडून ओव्या आणि लोकगीतं मिळाली. मोटारीवर क्लीनर झाले, गिरणीत राबले, संपात उतरले, विसापूरच्या तुरुंगात गेले. पुढे कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काही काळ काढला आणि मग मुंबई गाठली. म्हणजे मुंबईत तेही बाहेरगावचेच! अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकातून ते कामगार वस्त्यांत गाऊ लागले.

१९५६ साली मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचं दिल्लीनं जाहीर केलं. शहर व्यापाऱ्यांच्या भांडवलावर उभं राहिलं, शिवाय मराठी बोलणारे तिथं निम्म्याहून कमी, असं विरोधक सांगत. शाहिरांचं उत्तर साधं होतं: मुंबई राबणाऱ्यांची. आणि राबणारे तरी कोण? कोकणातले, घाटावरचे, मदनपुऱ्यातले मोमीन विणकरसुद्धा. बार्शीच्या मुसलमान पोराचा पहाडी आवाज मराठी मुंबईसाठी सभा हलवत होता, आणि त्याचं गाव कोणतं हे कुणी विचारत नव्हतं. त्या लढ्यात गुजराती भाषकांवरही राग निघाला, ते लपवण्यात अर्थ नाही. पण शंभराहून जास्त माणसं गेली, आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला.

सहाच वर्षांनी, १९६६ ला, शिवसेना स्थापन झाली आणि बाहेरचा म्हणून बोट दाक्षिणात्य कारकुनांकडे गेलं. आमच्या मते शहरावरचा हक्क मेहनतीवरून सरकून जन्मगावावर आला तो इथं. एवढ्या अटीवर बार्शीचे शाहीरही मुंबईकर ठरले नसते.

२९ ऑगस्ट १९६९ ला इंदापूरजवळ मोटार अपघातात त्यांचा इंतकाल झाला. वय अवघं ५२. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह. मुलगी मल्लिका अमर शेख यांनीही पुढे मराठी कवितेत नाव मिळवलं, मुंबईतच राहून.