कमलाबाईंचा श्वास

निमगाव केतकीला बँकेत होतो, तेव्हा माझं सारं आयुष्य उसाभोवती फिरत होतं. कर्ज उसावर, वसुली उसाच्या बिलातून. मळीत यीस्ट घातलं की साखरेचं अल्कोहोल होतं, एवढंच रसायन मला ठाऊक. एकदा एक शेतकरी मुलीच्या बी.एस्सी.साठी कर्ज मागायला आला. मुलीवर कशाला एवढा खर्च, असं मी सहज बोलून गेलो. तो पुन्हा आला नाही. निवृत्तीनंतर कमला सोहोनींविषयी वाचलं आणि ते बोलणं टोचू लागलं.

कमलाबाई दुर्गा भागवतांच्या धाकट्या भगिनी. वडील आणि काका बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला, कारण अर्जदार मुलगी होती. त्या थेट बंगलोरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. वर्षभर काम पाहू, या अटीवर प्रवेश मिळाला. त्या वर्षानं रामन यांचं मत बदललं आणि पुढच्या मुलींना दार उघडलं.

मग केंब्रिज. तिथे डेव्हिड कायलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोम ओळखली होती. यीस्टमध्येही ती दिसत. पेशी श्वसनात साखर जाळते, तेव्हा इलेक्ट्रॉन हातोहात ऑक्सिजनपर्यंत पोचवणारी ही साखळी. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतीच्या पेशीतही सायटोक्रोम-सी सापडलं. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. १९३९ साली पीएच.डी. मिळाली.

या साखळीचं मोल पुढे यीस्टनंच दाखवलं. १९४९ साली पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी यांनी असं बदललेलं यीस्ट अभ्यासलं, की ज्याच्या साखळीतले काही दुवेच हरवले होते. साखर आंबवून ते जगे. पण त्यातून मिळणारी ऊर्जा तुटपुंजी. त्याच्या वसाहती खुरट्याच राहत.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमलाबाईंनी नीरेवर काम केलं. आमच्या शेतांना पाणी देणारी नीरा नदी वेगळी; ही ताडमाडाची नीरा. यीस्टनं आंबवली की तिची ताडी होते. ताजी नीरा कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना पोषक ठरते, हे त्यांनी दाखवलं. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्याच संस्थेच्या त्या संचालक झाल्या. १९९८ साली त्या गेल्या.

निमगावची ती मुलगी शिकली का, मला कधी कळलं नाही. समोर साखर असूनही यीस्ट खुरटं राहतं, हे वाचलं की मला तिची आठवण येते. हुशारी तिच्याजवळ असेलही. दार मात्र माझ्या हातात होतं.