औषधाचा घोट

दोन वर्षांपूर्वी माझ्या कानांनी दगा दिला. बोरीच्या बाजारात भाजीवालीनं सांगितलेला भाव ऐकू येईना, घरात सुनेचं बोलणं अर्धंच कळे. सारखं पुन्हा विचारायची लाज वाटायची, म्हणून मी चारचौघींत बसणंच सोडलं. रात्री कानात किर्र आवाज, डोळ्याला डोळा नाही. ओळखीतल्या एकीनं झोपेसाठी दोन चमचे ब्रँडी सुचवली. औषधच की, म्हणून मी घेऊ लागले. चमच्यांचा अर्धा पेला कधी झाला, कळलंच नाही.

एका रात्री टीव्हीवर ‘साहिब बीबी और गुलाम’ लागला होता. संवाद ऐकू येत नव्हते. पण नवऱ्याला घरात थांबवण्यासाठी पेला हाती घेणाऱ्या छोटी बहूचा चेहरा सगळं सांगत होता. ती मीनाकुमारी.

तिचं खरं नाव महजबीन. जन्म मुंबईचा, १ ऑगस्ट १९३३ चा. वडील अलीबक्ष हार्मोनियम वाजवायचे. घरात ओढाताण, म्हणून भातुकलीच्या वयात ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. १९५२ मध्ये ‘बैजू बावरा’नं नाव झालं. त्याच वर्षी तिनं कमाल अमरोहींशी गुपचूप लग्न केलं. १९६२ मध्ये छोटी बहू साकारली. त्या भूमिकेसाठी फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. पण संसार विस्कटला आणि १९६४ मध्ये दोघं वेगळी झाली.

तिला झोप येत नसे. डॉक्टरांनी झोपेसाठी थोडी ब्रँडी सुचवली आणि तिथून सवय लागली, असं तिच्या चरित्रांत येतं. पुढे यकृत खराब झालं. १९६८ मध्ये उपचारांसाठी ती परदेशी गेली. परतल्यावर तशा तब्येतीतही तिनं रखडलेला ‘पाकीजा’ पूर्ण केला. ४ फेब्रुवारी १९७२ ला तो झळकला आणि ३१ मार्चला ती गेली. वय अवघं ३८!

मैत्रिणींनो, त्या रात्री मी घाबरले. तेवढ्याच दारूनं बाईच्या शरीराचं नुकसान पुरुषापेक्षा लवकर होतं. त्यात बाईची दारू घरातल्या घरात झाकली जाते. आणि कमी ऐकणारी बाई तर आधीच कोपऱ्यात बसलेली. तिच्याकडे बघणार कोण?

सकाळी मी लेकीला सगळं सांगून टाकलं. तिच्याबरोबर परभणीला जाऊन कान तपासले, ब्रँडीचंही डॉक्टरांपासून लपवलं नाही. आता कानात मशीन आहे. सुरुवातीला भांड्यांचा आवाजसुद्धा डोक्यात जायचा, पण पुन्हा बायकांत बसते. बाटली घरातून गेली.

तुमच्या घरात एखादी सासू, जाऊ अशी गप्प झाली असेल, तर तिच्यासमोर बसून, तोंड दिसेल असं सावकाश बोला. कान तपासायला न्या. घोटाची सवय असेल तर रागावू नका, आणि रोज घेणारीला एकदम बंदही करायला लावू नका. त्यानं जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना विचारा. झोपेच्या त्या दोन चमच्यांची किंमत मीनाकुमारीनं मोजली. आपण कशाला मोजायची?