पारदर्शक माशाचा द्रष्टा संशोधक

जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा, अंगावर निळे पट्टे मिरवणारा झेब्रा मासा मूळचा भारतीय उपखंडातील ओढ्यांचा आणि भातखाचरांचा. शोभेच्या पेटीतील या माशाला प्रयोगशाळेत मानाचे स्थान मिळवून दिले ते जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १९२७ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट येथे झाला. नाझींच्या सावटामुळे या ज्यू कुटुंबाने मायदेश सोडून न्यूयॉर्क गाठले. पुढे जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंच्या जनुकांवरील संशोधनाने स्ट्रायसिंगर यांचे नाव झाले. १९६० मध्ये ते ओरेगॉन विद्यापीठात दाखल झाले.

कीर्ती लाभलेला हा मार्ग त्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सोडला. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याची मज्जासंस्था जनुकांच्या आधारे कशी घडते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यासाठी त्यांनी झेब्रा मासा निवडला. त्याची अंडी आईच्या शरीराबाहेर फळतात आणि गर्भ पारदर्शक असल्याने त्याची वाढ सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहता येते. मात्र, प्रयोगाची पद्धत बसविण्यातच दशकाहून अधिक काळ लोटला. अखेर केवळ मातेचा आनुवंशिक वारसा असलेले मासे निपजविण्यात त्यांना यश आले. अशा माशांत दडलेला जनुकीय दोष लगेच उघड होतो. हे संशोधन १९८१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

या कष्टांना बहर येण्याआधीच, ११ ऑगस्ट १९८४ रोजी स्कूबा डायव्हिंग करताना त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ५६ वर्षांचे होते. सहकाऱ्यांनी काम थांबविले नाही. स्नायुतंतूंची रचना बिघडलेल्या झेब्रा माशांवरील शोधनिबंध १९९० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर दिवंगत स्ट्रायसिंगर यांचेही नाव होते.

२००३ मध्ये स्नायू झडणाऱ्या एका झेब्रा माशात डिस्ट्रोफिन या जनुकाचा दोष आढळला. याच जनुकातील दोषामुळे लहान मुलांचे चालणे हिरावून घेणारा ‘ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी’ हा आजार होतो. त्यावरील संभाव्य औषधांची पारख आता या माशांच्या पिलांवर केली जाते. मज्जासंस्थेच्या शोधात स्ट्रायसिंगर यांनी पाळलेला मासा असा स्नायूंच्या आजारांशी झुंजणाऱ्यांची आशा बनला आहे.